बाटलीवर ‘नॅनो’ लिहिले आहे. मागची बाजू वाचली का?

आटपाडीकडचे एक डाळिंब बागायतदार मागच्या हंगामात एक बाटली घेऊन भेटायला आले. बाटली दिसायला देखणी. वर ठसठशीत अक्षरात ‘नॅनो सिल्व्हर’, त्याखाली ‘तेल्यावर रामबाण’ आणि त्याखाली ‘शंभर टक्के सुरक्षित’. बागेत तेल्या शिरलेला, पाच एकरांचे पीक पणाला लागलेले. दोन फवारण्या झाल्या होत्या, तिसरीची तयारी होती. मी बाटली उलटी करून बघितली. मागे नोंदणी क्रमांक नाही, घटकाचे प्रमाण नाही, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण नाही, की अंगावर उलटले तर काय करायचे याची एक ओळ नाही. मी विचारले, “घेताना हे वाचलंत का?” ते म्हणाले, “दुकानदार म्हनला, चांदीच हाय न्हवं! चांदीच्या वाटीतनं आपण पोराला दूध पाजतोच की. मग बागंला काय व्हतंय?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांदीच्या वाटीने पोराला काही होत नाही हे खरेच आहे. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपण पिढ्यान् पिढ्या पितो. जस्ताच्या पत्र्याखाली संसार करतो. मग त्याच चांदी-तांबे-जस्ताची नॅनो भुकटी केली की तिच्याकडे निराळ्या नजरेने का बघायचे? याचे उत्तर आकारात आहे. थोडे समजून घ्या, कारण ‘नॅनो’ शब्द आता दुकानाच्या पाटीपासून सरकारी योजनेपर्यंत सगळीकडे आला आहे.

सहा चौरस सेंटिमीटरचे सहा गुंठे

एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनोकण म्हणतात. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे ५० नॅनोमीटरचे दीड-दोन हजार कण केसाच्या जाडीत एका ओळीत बसतील. तेल्याचा जिवाणू एवढा बारीक, पण या कणांपुढे तोही हत्ती.

आता हिशेब करा. एक सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा धातूचा ठोकळा घेतला तर त्याची सगळी बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर भरते. तोच ठोकळा कापून दहा-दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्या तुकड्यांचा पृष्ठभाग भरतो सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! वजन तेवढेच, धातू तोच. गुळाची ढेप पाण्यात टाकली तर विरघळायला रात्र जाते आणि किसलेला गूळ ढवळता ढवळता विरघळतो, तसेच हे. धातू बाहेरच्या अंगाने झिजतो, पाण्याशी आणि हवेशी बाहेरच्या अंगाने संबंध येतो. बाहेरचे अंग दहा लाखपट वाढले की झिजणेही त्या मानाने वाढते. चांदीच्या वाटीतून दुधात उतरणारी चांदी नगण्य असते. नॅनोचांदी मात्र आपले विद्युत भारित अणू, ज्यांना आयन म्हणतात, ते सारखे सोडत राहते. जिवाणू मारते ती हीच सुटलेली चांदी.

म्हणजे औषध काम करते यात खोटे नाही. खोटे आहे ते ‘शंभर टक्के सुरक्षित’. जिवाणू मारणाऱ्या चांदीला तेल्याचा जिवाणू कोणता आणि मातीतला उपयोगी जिवाणू कोणता हे कसे कळणार?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली याच प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेच्या काचेत नव्हे, तर बाहेर उघड्यावर मातीने भरलेल्या मोठ्या पेट्यांत त्यांनी झाडे लावली आणि सांडपाण्याच्या गाळातून नॅनोचांदी दिली. मात्रा फारच थोडी होती, एक किलो मातीला ०.१४ मिलिग्रॅम. तरीसुद्धा मातीतल्या सूक्ष्मजीवांचे वजन सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. एका जातीच्या गवताची वाढ जवळजवळ एकतृतीयांशाने कमी झाली. मातीतून नायट्रस ऑक्साइड वायू साडेचारपट सुटला. हा वायू म्हणजे तुमच्या खताचे नत्र हवेत उडून चालले, असे समजा.

गांडुळाचे तर आणखी गमतीचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्ध्या भांड्यात नॅनोचांदीची माती आणि अर्ध्यात स्वच्छ माती ठेवून गांडुळे सोडली होती. विरघळलेली चांदी असेल तर गांडूळ लगेच बाजूला सरकते. नॅनोचांदी असेल तर त्याला सुरुवातीला कळतच नाही, साधारण दोन दिवसांनी ते माती सोडून निघून जाते. शेतात दुसरी बाजू स्वच्छ ठेवलेली नसते, तेव्हा ते जाणार कुठे?

सोयाबीन पेरणाऱ्यांनी पुढचा प्रयोग जरूर ध्यानात घ्यावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील गटाने २०१२ साली सोयाबीन दोन प्रकारच्या नॅनोकणांच्या मातीत वाढवले. एक झिंक ऑक्साइड, दुसरे सेरियम ऑक्साइड. झिंकच्या मातीत वाढ थोडी सुधारली, पण झिंक पानांत आणि दाण्यात जाऊन साठले. सेरियमच्या जास्त मात्रेत मात्र मुळांवरच्या गाठींचे काम जवळजवळ थांबले. गाठी दिसत होत्या, पण नत्र धरत नव्हत्या. सेरियम आपण कोणी शेतात टाकत नाही हो. ते काही देशांत डिझेलमध्ये मिसळतात आणि धुरातून मातीत येते. पण वरून हिरवे दिसणारे पीक खाली मुळाशी उपाशी असू शकते, हे त्यातून कळले.

सरपणाच्या मोळीतून आलेला विंचू

आता जिवंत पेशीच्या आत काय होते ते बघू. आपले शरीर असो, माशाचे असो की झाडाचे, ते पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीला भोवती कातडे असते आणि धातूचे आयन ती मोजूनमापून आत घेते. तांबे, जस्त पेशीला लागतातच, पण चिमूटभर. जास्त झाले की दार बंद. नॅनोकण या दाराने येत नाही. पेशी तो कण अन्नाचा घास समजून गुंडाळून आत ओढते. सरपणाची मोळी आपण स्वतःच डोक्यावरून घरात आणतो आणि त्यात विंचू निघतो, तसा हा प्रकार आहे.

आत ओढलेला घास पेशी आपल्या पचनाच्या पिशवीत टाकते. या पिशवीत आम्ल असते. आम्लात तांब्याचा किंवा जस्ताचा कण भराभर विरघळतो आणि दाराबाहेर थोपवून धरलेले विष आत एकदम मोकळे होते. त्यातून प्राणवायूची अति तापट रूपे तयार होतात. ती पेशीच्या भट्टीला, म्हणजे जिथे शक्ती तयार होते त्या भागाला, पोळतात आणि आनुवंशिक धाग्यालाही चिरा पाडतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने २००८ साली फुफ्फुसाच्या पेशींवर निरनिराळ्या धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण टाकून पाहिले. त्यात सर्वांत घातक ठरले तांब्याचे. तेवढ्याच वजनाच्या लोखंडाच्या ऑक्साइडने फारसे काही केले नाही. सगळे ‘नॅनो’ एका मापाने मोजू नका, ते यासाठी.

फुफ्फुसाचा विषय निघालाच आहे तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन विचारा. जस्त चढवलेला पाइप किंवा पत्रा बंद खोलीत दिवसभर जोडला की त्या कारागिराला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून निघते. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. तो ताप हिवतापाचा नाही. वितळलेल्या जस्ताच्या धुरातले झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोलवर गेल्याचा तो ताप आहे. नॅनो हा शब्द गावात यायच्या आधीपासून नॅनोकण गावात आहेत.

द्राक्षवाल्यांसाठी दुसरे उदाहरण पोर्तुगालचे. तिथल्या डॉक्टरांनी १९६९ साली द्राक्षमळ्यात वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुफ्फुसांचा आजार नोंदवला. त्यांच्या फुफ्फुसांत तांबे रुतून बसले होते आणि त्याभोवती गाठी झाल्या होत्या. त्या आजाराला नावच ‘द्राक्ष फवारणाऱ्याचे फुफ्फुस’ असे पडले. हे साधे बोर्डो होते, आपल्याकडे मोरचूद आणि चुना कालवून विळ्याचे पाते बुडवून बघतो तेच. नॅनो नव्हे. मग त्याहून कितीतरी बारीक, पेशीत थेट घुसणारे तांबे तोंडाला नुसता टॉवेल बांधून फवारायचे का, हे तुम्हीच ठरवा. फवारणीचा थेंब मोठा असतो, पण ब्लोअरचा फवारा जेवढा बारीक तेवढा तो हवेत तरंगतो, वाळतो आणि उरलेला कण श्वासात येतो. भुकटी पाण्यात कालवताना तर तोंड नेमके हंड्यावरच असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती औषधे वेगळी होती, पण तोंडावरचा टॉवेल तोच होता.

तांबे कुजत नाही

सेंद्रिय औषध आज ना उद्या मातीत कुजते. धातू कुजत नाही. जे तांबे टाकले ते वरच्या थरात साठत राहते. एकरी ४०० लिटर पाण्यातून एक टक्क्याचे बोर्डो एकदा मारले म्हणजे ४ किलो मोरचूद गेले आणि त्यात साधारण १ किलो निव्वळ तांबे गेले. अर्ध्या टक्क्याचे मारले तर अर्धा किलो. युरोपातल्या देशांनी २०१९ पासून द्राक्षासारख्या पिकांवर तांब्याला मर्यादा घातली आहे. सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त नाही, म्हणजे सरासरी वर्षाला एकरी १.६ किलो. आपल्या बागेत गेल्या दहा-वीस वर्षांत किती बोर्डो, किती कॉपर ऑक्सिक्लोराइड गेले याची बेरीज वहीत एकदा मांडून बघा. मी एका ओळखीच्या बागायतदाराला मांडायला लावली, तर त्यांनी मध्येच वही मिटली.

याच ठिकाणी नॅनोतांब्याची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रयोगशाळेत दाखवले की डाळिंबावरच्या तेल्याच्या जिवाणूची वाढ नॅनोतांब्याने ०.२ पीपीएम इतक्या अल्प मात्रेत रोखता येते. कॉपर ऑक्सिक्लोराइड आपण दोन-तीन हजार पीपीएमने वापरतो. हे प्रयोगशाळेतले काम आहे, बागेतले नाही. पण त्यातले निम्मे जरी बागेत उतरले तरी मातीत जाणारे तांबे कितीतरी कमी होईल. म्हणून शास्त्रज्ञ या मागे लागले आहेत आणि लागावेतच. माझे भांडण संशोधनाशी नाही, मात्रा न लिहिलेल्या बाटलीशी आहे.

मेंढ्या बसवणाऱ्यांनी मात्र इथे कान द्यावा. सगळ्या पाळीव जनावरांत तांब्याला सर्वांत नाजूक जनावर कोणते, तर मेंढी. गाय-म्हैस जेवढे तांबे सहज पचवते तेवढ्यात मेंढी मरू शकते. तिला जास्तीचे तांबे बाहेर टाकता येत नाही, ते काळजात म्हणजे यकृतात साठत जाते. आठवडे, महिने काहीच दिसत नाही. मेंढी चरते, रवंथ करते. मग एखाद्या दिवशी, लांबची चाल झाली, चारा बदलला किंवा पावसात भिजली की साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते. लाल पेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी लालकाळी होते आणि एक-दोन दिवसांत जनावर आडवे होते. धनगर बांधव म्हणतो, काहीतरी विषारी पाला खाल्ला असेल. पाला बहुधा विषारी नसतो, पाल्यावरचे निळे डाग विषारी असतात. तांब्याची फवारणी झालेल्या बागेतले तण, छाटणीचा पाला मेंढ्यांना घालू नका आणि कळप बसवायला येणाऱ्याला फवारणी केली असेल तर तसे सांगा. लेंडीखताच्या मोहापायी लपवू नका. तांबे नॅनो असो वा साधे, मेंढीच्या यकृताला फरक नाही.

पाण्याचेही असेच. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली गोड्या पाण्यातल्या शेवाळावर नॅनो झिंक ऑक्साइड, साधे झिंक ऑक्साइड आणि विरघळलेले झिंक अशी तिन्ही तपासली. तिन्ही सारखीच घातक निघाली. लिटरमागे साधारण ६० मायक्रोग्रॅम झिंकला शेवाळाची वाढ निम्म्यावर आली. म्हणजे एक ग्रॅम झिंक सोळा हजार लिटर पाण्याला पुरले! प्रयोगाचे पाणी मऊ होते आणि आपल्या जड पाण्यात परिणाम कमी होईल, हे मान्य. नॅनो म्हणजे भूत नव्हे, मारतो तो विरघळलेला धातू, हेही त्यातून दिसले. पण पंप धुतलेले पाणी ओढ्यात नाहीतर शेततळ्यात सोडायची आपली सवय बघा. शेवाळ मेले की त्यावर जगणारे बारीक जीव गेले आणि मग मासे. तांब्याच्या नॅनोकणांनी माशांच्या कल्ल्यांना इजा होते हे २००७ सालीच अमेरिकेत दिसून आले आहे. शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्यांनी त्याच काठावर पंप धुवू नये.

घाबरून जायचे कारण नाही

इतके वाचून कोणी नॅनोच्या नावाने खडे फोडायला लागेल, तर तेही बरोबर नाही. वर सांगितलेल्या पुष्कळ प्रयोगांत मात्रा शेतातल्यापेक्षा जास्त होती. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तांबे-जस्त चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला घट्ट चिकटते, सहज विरघळत नाही. सांडपाण्यातली नॅनोचांदी गंधकाशी संयोग पावून बरीचशी निरुपद्रवी होते. जस्ताची कमतरता तर आपल्या जमिनींत खरीच आहे आणि ती भरून काढलीच पाहिजे.

आणखी एक घोटाळा दूर करू. सोसायटीतून मिळणारे नॅनो युरिया आणि नॅनो डीएपी हे धातूचे नव्हेत. युरियाला २०२१ साली आणि डीएपीला २०२३ साली खत नियंत्रण आदेशाखाली परवानगी मिळाली. त्यांनी उत्पादन किती वाढते यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत उत्पादन घटलेले दिसले, पण तो वाद वेगळा. धातूंपैकी नॅनो झिंक आणि नॅनो कॉपर या द्रवरूप खतांना २०२४ साली त्याच आदेशाखाली मान्यता मिळाली. नॅनो शेतीनिविष्ठांची तपासणी कशी करावी, विषारीपणाच्या कोणत्या चाचण्या घ्याव्यात, यासाठी केंद्राने जुलै २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. म्हणजे कायद्याच्या चौकटीतून आलेला माल आहे. प्रश्न चौकटीबाहेरून आलेल्या बाटलीचा आहे.

ती ओळखायची कशी? रोग-किडीवर चालते असा दावा असेल तर ते १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येते. मग त्यावर केंद्रीय नोंदणी समितीचा ‘सीआयआर’ने सुरू होणारा क्रमांक, घटकाचे प्रमाण, लाल-पिवळा-निळा-हिरवा यांपैकी एक त्रिकोण आणि उतारा लिहिलेला असलाच पाहिजे. खत म्हणून विकत असतील तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अन्नद्रव्याचे प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता हवा. यातले काहीच नाही आणि नुसते ‘टॉनिक’, ‘नॅनो’, ‘रामबाण’ असेल तर बाटली खाली ठेवा. घेतलीच तर पक्की पावती घ्या, पावतीवर बॅच क्रमांक टाकून घ्या. पावती नसली की तक्रार उभीच राहत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एवढेच सांगणे आहे की अशी बाटली दिसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. गुणनियंत्रण निरीक्षकाला नमुना घेण्याचा अधिकार आहे, पण त्याला गावोगावची बाटली दिसत नाही, तुम्हाला दिसते. पंप धुण्यासाठी विहीर-ओढ्यापासून लांब एक खड्डा ठरवून द्या. रिकाम्या बाटल्या पोरांच्या हाती आणि भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊ देऊ नका. ग्रामसभेत घरकुलाच्या यादीवर दोन तास जातात, त्यातली दहा मिनिटे यालाही द्या.

आटपाडीच्या त्या बागायतदारांना मी तिसरी फवारणी थांबवायला सांगितले आणि बागेच्या पाल्यावर मेंढ्या सोडू नका म्हटले. ते बाटली घेऊन दुकानात गेले आणि म्हणाले, पक्की पावती दे, मला नमुना द्यायचाय. दुकानदाराने पावती दिली नाही. वाद न घालता बाटली मात्र परत घेतली. आधीच्या दोन बाटल्यांचे पैसे काही परत मिळाले नाहीत.